शेवंतीची वंशावळ

मार्गशीर्षांतील गुरुवारीं घरोघरीं लक्ष्मीचा कलश मांडला जातो, आणि त्या दिवशीं फुलबाजारांत शेवंतीच्या पाट्यांभोंवतीं उभें राहावयासही जागा उरत नाहीं. गृहिणी फुलांची पुडी घेऊन घरीं येते, हार ओंवते, पूजा करते. दुसऱ्या दिवशीं निर्माल्य झाडाच्या बुंध्याशीं टाकते आणि तें फूल विसरून जाते. परंतु त्या कोमेजलेल्या फुलामागें दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यांत अधिकारपद सोडून आलेला एक कवि आहे, एक सम्राट आहे, एक व्यापारी आहे आणि फौजेंतून निवृत्त झालेला एक कप्तानही आहे. त्या सर्वांनीं जें काम केलें, तेंच काम आजही परसांतील शेवंतीची निगा राखणारा मनुष्य करीत असतो.

हें काम कोणतें, तें समजण्यासाठीं शेवंतीचा एक स्वभाव आधीं ध्यानांत घेतला पाहिजे. शेवंतीचें बीं पेरलें, तर आईसारखी मुलगी निपजत नाहीं. शेवंती बहुधा स्वतःच्या परागानें फळत नाहीं. तिला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. त्यामुळें एकाच फुलाच्या बियांपासून आलेलीं रोपें रंगानें, आकारानें आणि उंचीनें एकमेकांहून निराळीं होतात. जी जात आवडली, ती तशीच टिकवावयाची असेल, तर तिच्या बुंध्याशीं जमिनींतून फुटणारे कोंब, ज्यांना शेतकरी काश्या म्हणतात, ते वेगळे करून लावावे लागतात. नाहीं तर शेंड्याचे तुकडे कापून त्यांना मुळें फोडावीं लागतात. म्हणजे शेवंतीची एखादी जुनी जात ही वस्तुतः एकाच झाडाची वाढ होय. तें झाड वर्षानुवर्षें विभागलें जात एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलेलें असतें. एका वर्षीं ती काशी कोणीच लावली नाहीं, तर ती जात कायमची गेली. तांदुळाचे किंवा गव्हाचे दाणे कणगींत वर्ष दोन वर्षें वाट पाहूं शकतात; शेवंतीची जात तशी वाट पाहूं शकत नाहीं.

ही हातांची साखळी प्रथम चीन देशांत जोडली गेली. तेथील प्राचीन विधिग्रंथांत ऋतूंचें वर्णन करतांना शरदाच्या अखेरच्या महिन्याची खूण म्हणून पिवळ्या शेवंतीचा उल्लेख आलेला आहे. इतर फुलें थंडीनें गळून पडतात, त्या वेळीं ही फुलते, यामुळें तेथें ती दीर्घायुष्याचें चिन्ह ठरली. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशीं टेंकडीवर जावें आणि शेवंतीच्या पाकळ्या घातलेलें मद्य प्यावें, अशी त्या देशांत चाल पडली. वाळवलेल्या फुलांचा चहा तर तेथील घरोघर आजही केला जातो.

शेवंतीला साहित्यांत मोठें स्थान मिळालें, तें ताओ युआनमिंग या कवीमुळें. त्याचा काळ इ. स. ३६५ ते ४२७ असा सामान्यतः मानतात. पेंगझे येथें तो न्यायाधिकारी होता. वरचा अधिकारी तपासणीस येणार, तेव्हां पोशाख करून त्याच्यापुढें वांकावें, असें त्यास सांगण्यांत आलें. थोड्याशा तांदुळाच्या पगारासाठीं आपण कंबर वांकविणार नाहीं, असें म्हणून इ. स. ४०५ मध्यें, अवघ्या ऐंशी दिवसांच्या नोकरीनंतर त्यानें पद सोडलें आणि तो गांवीं परतला, अशी कथा आहे. त्याच्या कुंपणाशीं शेवंती होती. तेव्हांपासून चिनी मनांत शेवंती आणि मानी, एकांतप्रिय मनुष्य हीं दोन चित्रें एकत्र जोडलीं गेलीं.

काव्याच्या पाठोपाठ शास्त्रही आलें. इ. स. ११०४ च्या सुमारास लिऊ मेंग यानें केवळ शेवंतीवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यांत पस्तीसच्या आसपास जातींचें वर्णन केलें. एकाच फुलझाडावर स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला, यावरून त्या काळापर्यंत किती जाती हातांनीं राखल्या गेल्या होत्या, याची कल्पना येते.

चीनमधून शेवंती जपानांत गेली आणि तेथें थेट सिंहासनापर्यंत चढली. इ. स. १२०० च्या सुमारास गो-तोबा या सम्राटास हें फूल इतकें आवडे कीं, तें त्याचें चिन्ह बनलें. पुढें सोळा पाकळ्यांची शेवंती ही राजघराण्याची मुद्रा ठरली. इ. स. १८७६ मध्यें स्थापन झालेल्या जपानच्या सर्वोच्च सन्मानासही शेवंतीचेंच नांव आहे. परंतु राजमुद्रेपेक्षांही तेथील माळ्यांची चिकाटी अधिक विस्मयकारक आहे. टोकियोच्या शिंजुकू उद्यानांत दर नोव्हेंबरांत भरणाऱ्या प्रदर्शनांत एकाच रोपास शेंकडों फुलें आणून, तीं घुमटाच्या आकारांत ओळीनें मांडून दाखवितात. त्यासाठीं जवळजवळ वर्षभर त्या एका रोपाचे शेंडे खुडावे लागतात आणि प्रत्येक फांदीस आधार देऊन ती वळवावी लागते.

युरोपांत मात्र या फुलाचें पाऊल सहजासहजीं ठरलें नाहीं. इ. स. १६८९ मध्यें याकोब ब्रायन या वनस्पतिशास्त्रज्ञानें हॉलंडमधील बागांत फुललेल्या पूर्वेकडील शेवंतीचें वर्णन लिहिलें. तीं झाडें पुढें नाहींशीं झालीं. इ. स. १७६४ मध्यें लंडनजवळ चेल्सी येथील वैद्यकीय बागेंत फिलिप मिलर यानें एक जात लावली. तीही टिकली नाहीं. वर्णन पुस्तकांत राहिलें, झाड मातींत राहिलें नाहीं. दोन्ही वेळां साखळी तुटली.

तिसरा प्रयत्न पिएर ब्लांकार या मार्सेय बंदरांतील व्यापाऱ्याचा. इ. स. १७८९ मध्यें, म्हणजे फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली त्याच वर्षीं, त्यानें चीनमधून शेवंतीच्या तीन जाती आणल्या. एक पांढरी, एक फिकट जांभळी आणि एक गडद जांभळी. कित्येक महिन्यांचा तो सागरप्रवास. गोडें पाणी तोलून मापून मिळणार, आणि खारा वारा तर चोहोंकडून येणार. त्या तीन जातींपैकीं दोन मेल्या. गडद जांभळी तेवढी जगली. त्या एका जातीच्या काश्या पुढच्याच वर्षीं इंग्लंडमधील क्यू येथील बागेंत पोंचल्या, आणि इ. स. १७९५ च्या नोव्हेंबरांत चेल्सीच्या एका रोपवाटिकेंत तिचीं फुलें लोकांनीं पाहिलीं. आज युरोपांत शेवंतीचा जो थाट दिसतो, त्याचा आरंभ या जगलेल्या एका जातीपासून धरतात.

त्यानंतर मार्ग खुला झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा कँटन येथील चहाचा परीक्षक जॉन रीव्ह्ज यानें चहाच्या जहाजांतून शेवंतीच्या अनेक जाती लंडनच्या उद्यानसंस्थेकडे धाडल्या. तरी एक अडचण होतीच. युरोपांत शेवंती फुलते तोंवर कडाक्याची थंडी येते आणि बीं पिकत नाहीं. त्यामुळें नव्या जाती तेथें निपजतच नव्हत्या. ही अडचण इ. स. १८२७ च्या सुमारास तूलूझ येथें राहणाऱ्या बेर्ने नांवाच्या निवृत्त फौजी कप्तानानें दूर केली. दक्षिण फ्रान्सच्या उबदार हवेंत त्यानें शेवंतीचें बीं पिकविलें, पेरलें आणि नवे रंग मिळविले. पुढें इ. स. १८४६ मध्यें रॉबर्ट फॉर्च्यून यानें चीनच्या चुसान बेटांतून लहान फुलांची एक शेवंती आणली. तिच्यापासून गोंड्यासारख्या बारीक फुलांच्या जाती निघाल्या. कांचेच्या बंद पेटींत झाडें सुखरूप नेण्याची युक्ति तोंवर लंडनच्या वॉर्ड या डॉक्टरानें शोधून काढली होती. याच फॉर्च्यूननें पुढें तशाच पेट्यांतून चीनमधील चहाचीं रोपें हिंदुस्थानांत आणलीं.

हिंदुस्थानाचा या फुलाशीं संबंध नांवापासूनच गमतीचा आहे. इ. स. १७५३ मध्यें लिनियसनें या कुळांतील एका रानजातीस 'इंडिकम', म्हणजे हिंदी, असें नांव दिलें, आणि तिचें मूळ स्थान मात्र चीनकडचें. त्या काळीं युरोपीय लोक पूर्वेकडील बहुतेक मुलुखास 'इंडिया' म्हणत, त्याचा हा परिणाम. आपल्या देशांत मात्र तिला लोकांनीं आपलींच नांवें दिलीं. मराठींत शेवंती, कानडींत सेवंतिगे, तेलुगूंत चामंती आणि उत्तरेकडे गुलदाउदी. महाराष्ट्रांत पुणें, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील शेतकरी तिचे मळेच्या मळे लावतात. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेनें तर गामा किरणांच्या साहाय्यानें तिच्या नव्या जाती तयार केल्या आहेत.

ही शेवंती दसरा, दिवाळी आणि मार्गशीर्ष याच दिवसांत कां फुलते, हें कोडें विसाव्या शतकांत उलगडलें. इ. स. १९२० मध्यें गार्नर आणि ॲलर्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, कित्येक झाडें दिवसाच्या लांबीवरून आपली फुलण्याची वेळ ठरवितात. शेवंती ही त्यांपैकींच एक. रात्र पुरेशी लांब होऊं लागली, कीं तिला कळी धरते. पुढें रशियांत चाइलाख्यान यानें शेवंतीवरच प्रयोग केले. वरचा भाग पानें काढून लांब दिवसांत ठेवला आणि खालच्या पानांना तेवढा आंखूड दिवस दिला, तरी वर फुलें आलीं. यावरून पान रात्र मोजतें आणि शेंड्यास कांहीं निरोप धाडतें, असें त्यानें १९३७ च्या सुमारास प्रतिपादन केलें. तो निरोप नेणारें द्रव्य एक प्रथिन आहे, हें इतर वनस्पतींवरील संशोधनानें २००७ सालीं स्पष्ट झालें. ज्या घरीं शेवंतीची कुंडी रस्त्याच्या दिव्याखालीं ठेवलेली असते, तेथें झाड हिरवेंगार वाढतें आणि फूल मात्र येत नाहीं. त्याचें कारण हेंच. खतास किंवा मातीस दोष देण्यापूर्वीं कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यांत हलवून पाहावी.

बाकीची निगा अवघड नाहीं, पण ती वेळच्या वेळीं व्हावयास पाहिजे. बहर संपला, कीं झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटावें. थोड्याच दिवसांत बुंध्याभोंवतीं काश्या फुटतात. एप्रिल-मे महिन्यांत जोमदार, मुळ्या असलेल्या काश्या निवडून त्या सरीच्या वरंब्यावर अथवा कुंडींत लावाव्यात. महिन्याभरानें शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. एकच मोठें फूल हवें असेल, तर बाजूच्या कळ्या काढाव्यात. पावसाळ्यांत बुंध्याशीं पाणी सांचलें, कीं मुळें कुजतात. यास्तव कुंडीचें छिद्र मोकळें ठेवावें. कोंवळ्या शेंड्यावर मावा दिसल्यास तो आरंभींच धुवून काढावा. आणि त्याच मातींत वर्षानुवर्षें शेवंती न लावतां माती पालटावी.

या साध्या कामाचें महत्त्व आजच्या शहरांत विशेष आहे. ज्या वाड्यांच्या परसांत आजीनें माहेराहून आणलेली शेवंती पन्नास-पन्नास वर्षें फुलत असे, ते वाडे पडून त्या जागीं इमारती उभ्या राहत आहेत. भांडीं, फोटो, पाट-चौरंग नव्या घरीं नेले जातात. परसांतील काशी न्यावयाची राहून जाते. बाजारांत शेवंती पुष्कळ मिळते, पण ती कांहीं ठराविक जातींची. आजीच्या अंगणांतली बारीक, वासाची, फिकट पिवळी शेवंती बाजारांत मिळेलच असें नाहीं. तिचें नांव कोणत्याही यादींत नसेल, तर तिचें नाहींसें होणेंही कोठें नोंदलें जाणार नाहीं.

ब्लांकारनें आणलेल्या तीन जातींपैकीं जी एक जगली, तीही जहाजावर कोणीतरी रोज आपल्या वाट्याच्या पाण्यांतून घोंटभर दिलें म्हणूनच जगली असेल. त्या मनुष्याचें नांव इतिहासास ठाऊक नाहीं. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या जुन्या घरीं अशी एखादी शेवंती अद्याप उभी असेल, त्यांनीं घर सोडण्यापूर्वीं तिच्या दोन काश्या काढून घ्याव्यात. एक आपल्या गॅलरींतील कुंडींत लावावी आणि दुसरी शेजाऱ्यास द्यावी. एका घरीं ती मेली, तर दुसऱ्या घरीं उरेल.