रासायनिक अभियांत्रिकी विभाग, रसायन तंत्रज्ञान संस्था (मुंबई)

रासायनिक अभियांत्रिकी विभाग हा मुंबईतील माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेचा विभाग आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग (यूडीसीटी) म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्रयोगशाळेतील चंचुपात्रात होणारी अभिक्रिया कारखान्यातील मोठ्या पात्रात तशीच का होत नाही, हा प्रश्न विभागाच्या बऱ्याच संशोधनाच्या मुळाशी आहे.

वायू-द्रव अभिक्रिया

वायू द्रवात शोषला जाऊन त्याच्याशी अभिक्रिया करतो, तेव्हा तिचा वेग दोहोंच्या संपर्कपृष्ठावरही अवलंबून असतो. ढवळल्या जाणाऱ्या पात्रातील असंख्य बुडबुड्यांचे हे पृष्ठ प्रत्यक्ष मोजणे जवळजवळ अशक्य असते. केंब्रिज येथे पी. व्ही. डँकवर्ट्स यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करून १९६४ मध्ये येथे प्राध्यापक झालेले मनमोहन शर्मा यांनी यासाठीच्या रासायनिक पद्धती विकसित केल्या. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषला जाण्यासारखी, वेग ठाऊक असलेली अभिक्रिया पात्रात घडवितात. ठरावीक वेळात किती वायू शोषला गेला, यावरून पृष्ठाचे क्षेत्रफळ निघते. एल. के. दोराईस्वामी यांच्यासह शर्मा यांनी विषमांगी अभिक्रियांवर लिहिलेला द्विखंडी ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. रघुनाथ माशेलकर हे त्यांचे पीएच.डी.चे विद्यार्थी होत.

१९९० मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळविणारे पहिले भारतीय अभियंता असा त्यांचा उल्लेख वारंवार होतो. मात्र मुंबईचेच जहाजबांधणी अभियंते अर्देशीर करसेटजी वाडिया १८४१ मध्येच फेलो झाले होते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

ज्येष्ठराज जोशी यांनी बुडबुडा-स्तंभांतील प्रवाहांचा सखोल अभ्यास केला. अशा स्तंभात फिरणारा एकही भाग नसतो, तरीही द्रव मधोमध वर चढतो आणि भिंतीलगत खाली उतरतो. हे अभिसरण नेमके वर्तविता आले, तरच मोठ्या स्तंभाची रचना भरवशाने करता येते.

कॅव्हिटेशन

जहाजांच्या पंख्यांची झीज घडविणाऱ्या कॅव्हिटेशनचा उपयोग करून घेण्याचे काम अनिरुद्ध पंडित यांनी केले. अरुंद छिद्रातून द्रव वेगाने गेला की दाब बाष्पदाबाखाली उतरून सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. पुढे दाब वाढताच ते कोसळतात आणि तेथे क्षणभर अतिउच्च तापमान निर्माण होते. सांडपाण्यातील चिवट प्रदूषके फोडण्यासाठी व पाणी निर्जंतुक करण्यासाठी ही पद्धत अभ्यासली गेली आहे. श्राव्यातीत ध्वनीनेही हा परिणाम साधतो. परंतु पंप व छिद्रे पाडलेली तबकडी एवढ्यावर भागत असल्याने मोठ्या प्रमाणावर ही रीत अधिक सोयीची ठरते.

उत्प्रेरण आणि विलगीकरण

गणपती यादव यांच्या संशोधनात सल्फ्युरिक आम्लासारख्या द्रव आम्लांऐवजी घन आम्ल-उत्प्रेरक वापरण्यावर भर आहे. घन उत्प्रेरक गाळून वेगळा करता येतो, त्यामुळे उदासिनीकरणातून उरणारा क्षारांचा कचरा टळतो.

विलास गायकर यांनी हायड्रोट्रोप या पदार्थांच्या साहाय्याने मिरीतील पायपरीन आणि हळदीतील कर्क्यूमिनॉइडे वेगळी केली. हायड्रोट्रोपच्या संहत द्रावणात पाण्यात न विरघळणारे हे पदार्थ विरघळतात आणि द्रावण विरल करताच खाली बसतात. ज्वलनशील सेंद्रिय द्रावके यात टळतात. मात्र तेच द्रावण पुन्हा वापरण्यासाठी त्यातील जास्तीचे पाणी काढून टाकावे लागते.