हेरपटाचा डोळा

नाहूरहून एलबीएस मार्गाने मुलुंडकडे निघालं की हेरपटाचा फलक ओळखायला नाव वाचावं लागत नाही. अर्धा चेहरा काळोखात, रोखलेला एक डोळा. ज्याने कुणाच्या नजरेस पडायचं नाही, त्याचाच एवढा गाजावाजा! या डोळ्याचं कूळ मी थेट बर्लिनच्या एका प्रीमियरला नेतो.

प्रीमियरची नेहमीची वंशावळ एका दमात सांगतो: २१ एप्रिल १९१३ला फाळक्यांनी ऑलिंपियात निमंत्रितांना दाखवलेला ‘राजा हरिश्चंद्र’, हॉलिवूडच्या इजिप्शियन थिएटरातला १९२२चा ‘रॉबिन हूड’ आणि १९६० साली मराठा मंदिरात हत्तीवरून आलेली ‘मुघल-ए-आझम’ची रिळं. यात हेर कुठेच नाही.

तो भेटतो २२ मार्च १९२८ला, बर्लिनच्या उफा-पालास्टमध्ये. फ्रिट्झ लांगच्या ‘श्पिओने’चा, म्हणजे ‘हेर’चा, पहिला खेळ. उफा कंपनीचा सजावटकार रूडी फेल्ड याने थिएटरच्या दर्शनी भागावर भलाथोरला डोळा बसवला. लोक सिनेमा बघायला आले आणि सिनेमाच त्यांच्याकडे बघू लागला!

आता आपला धागा. ‘प्रभात’च्या ‘सैरंध्री’चं रंगीत काम १९३३ साली जर्मनीत झालं आणि त्यासाठी शांतारामबापू तिथे गेले. पुढच्याच वर्षी ‘अमृतमंथन’ आला. त्यातला कारस्थानी राजगुरू, म्हणजे चंद्रमोहन, आणि पडदाभर पसरलेला त्याचा डोळा. मला हा योगायोग वाटत नाही. लेखी पुरावा मागाल तर माझे हात रिकामे आहेत. पण उफाच्या मुलखात राहून आलेल्या बापूंच्या कानावर त्या डोळ्याची गोष्ट पडलीच नसेल, हे मानायला मी तयार नाही.

नाटकवाले म्हणतील, वटारलेले डोळे रंगभूमीवर होतेच. असतील, पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाचा एकच डोळा तेवढा कसा दिसणार? ती किमया भिंगाची. बॉण्डवाले १९६२च्या ‘डॉक्टर नो’मधलं बंदुकीच्या नळीचं वर्तुळ पुढे करतात. ते वर्तुळ म्हणजे बुबुळच, आणि बर्लिनच्या डोळ्याहून चौतीस वर्षांनी धाकटं. आपल्याकडे जितेंद्र ‘फर्ज’मध्ये एजंट ११६ झाला तो १९६७ साली, म्हणजे आणखी पाच वर्षांनी, आणि तोही तेलुगू ‘गूढचारी ११६’वरून उचललेला.