ठसा कुणाचा, काम कुणाचं? : बिल्ड सर्व्हरवरच्या किल्ल्यांची गोष्ट

चांदवड म्हटलं की होळकरांचा रंगमहाल आठवतो. पण इथे होळकरांची टांकसाळही होती. तिचा रुपया 'चांदोरी' म्हणून ओळखला जाई आणि त्यावर नाव असे दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं. 1818 साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला. 1830 च्या सुमारास टांकसाळ बंद झाली. त्या काळच्या टांकसाळींत सावकार आपली चांदी आणत, मजुरी देत आणि रुपये पाडून नेत. चांदी अनेकांची, कारागीर तेच, ठसा मात्र सरकारचा. ठसा कपाटात कुलूपबंद ठेवला तर काम होणार नाही. तो कारागिराच्या हातात द्यावाच लागतो. मग तो कुणाच्या कामासाठी उचलला जातोय, याचा हिशेब कोण ठेवणार?

बिल्ड सर्व्हरचा पेच हाच आहे. एकाच मशीनवर अनेक प्रकल्पांचा कोड येतो, कंपाइल होतो, तपासला जातो, प्रकाशित होतो. प्रकाशनासाठी पासवर्ड, टोकन, सहीची किल्ली लागते. एका प्रकल्पाची किल्ली दुसऱ्याच्या कामात वापरली गेली, तर दुसऱ्याच्या नावाने भलताच कोड जगभर जातो.

या विषयावर वाचायला लागाल तर सुरुवात नॉर्म हार्डी यांच्या 1988 च्या 'द कन्फ्युज्ड डेप्युटी' या लेखापासून करा. अगदी छोटा आहे आणि सरळ गोष्टीसारखा लिहिलाय. टाइमशेअर कंपनीच्या सामायिक संगणकावर फोर्ट्रानचा कंपाइलर होता. कोण कोणत्या सोयी वापरतं याची नोंद करता यावी म्हणून त्याला स्वतःच्या डिरेक्टरीत लिहायची परवानगी दिलेली होती. ग्राहकांच्या बिलांची फाइलही त्याच डिरेक्टरीत. कंपाइलरला डीबगिंगची माहिती कुठे लिहायची ते वापरकर्ता सांगू शकत असे. एकाने बिलांच्या फाइलचंच नाव दिलं. सिस्टिमने पाहिलं, कंपाइलरला परवानगी आहे, लिहू दिलं. बिलं गेली.

गंमत बघा, इथे पासवर्ड चोरीला गेलेला नाही. वापरकर्त्याला ती फाइल स्वतः उघडता आली नसती. कंपाइलर दोन धन्यांचा नोकर होता आणि कुठला अधिकार कुणाकडून आलाय हे त्याला वेगळं सांगताच येत नव्हतं. मला हा लेख म्हणूनच महत्त्वाचा वाटतो: प्रश्न गुपित लपवण्याचा नाही, अधिकार कुणाच्या वतीने वापरला जातोय याचा आहे.

आता जेन्किन्सकडे या. कोह्सुके कावागुची यांनी सन कंपनीत असताना 'हडसन' लिहिलं, 2011 मध्ये त्याचं जेन्किन्स झालं. त्यात किल्ली 'ग्लोबल' ठेवली तर सर्व्हरवरचं कुठलंही काम ती तिच्या आयडीने मागू शकतं. फोल्डरमध्ये ठेवली तर त्या फोल्डरमधल्या कामांनाच मिळते. बऱ्याच जणांना वाटतं, झालं! पण दोन्ही प्रकल्पांची कामं एकाच एजंटवर, एकाच लिनक्स युजरच्या नावाने चालत असतील, तर एक काम दुसऱ्याच्या फाइली वाचू शकतं. चालू प्रोसेसचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलसुद्धा. लॉगमध्ये दिसणाऱ्या चांदण्यांवर तर विसंबूच नका. किल्लीची अक्षरं उलटी छापली की मास्किंगला ती ओळखू येत नाही. म्हणून फोल्डरही वेगळे आणि एजंटही वेगळे, निदान युजर तरी. आणि मुख्य कंट्रोलरवर बिल्ड चालवायचेच नाहीत, कारण सगळ्या किल्ल्या उलगडायची किल्ली तिथेच असते.

हार्डींचा पेच 2021 मध्ये पुन्हा दिसला. सप्टेंबरच्या 3 ते 10 तारखेदरम्यान ट्रॅव्हिस सीआयवर, सार्वजनिक प्रकल्पाचा फोर्क करून कुणीही पुल रिक्वेस्ट पाठवली, तर तिच्या बिल्डला मूळ प्रकल्पाची गुपितं मिळत होती. कोड परक्याचा, किल्ली घरची.

अलीकडे वाट थोडी बदलली आहे. किल्ली सर्व्हरवर साठवायचीच नाही. काम सुरू झालं की त्याला थोड्या वेळापुरतं टोकन मिळतं, आणि हे काम कुठल्या रिपॉझिटरीचं हे त्या टोकनातच सही करून लिहिलेलं असतं. पायथॉनच्या पॅकेज भांडाराने, पायपीआयने, एप्रिल 2023 पासून ही सोय दिली. तिथे आधी रिपॉझिटरी आणि वर्कफ्लोचं नाव नोंदवायचं. त्या नावाशी न जुळणाऱ्या कामाला पॅकेज चढवता येत नाही.