ग्लानसेवा आणि नर्सबाई



दहावीनंतर मला नर्सिंगला जायचं होतं. वडील म्हणाले, "परक्या पुरुषांना हात लावायचा, रात्रपाळ्या करायच्या, आपल्यात चालायचं नाही." विषय तिथंच मिटला. मी बी.कॉम. झाले आणि लग्न होऊन रत्नागिरीत आले. यंदा आमच्या पुतणीच्या मुलीनं नर्सिंगला जायचं म्हटलं, आणि पंचेचाळीसएक वर्षांनी तीच वाक्यं मी आमच्याच माजघरात ऐकली. एक नवीन होतं, "सूर्यास्ताआधी जेवणार कधी?"

आपल्याकडे सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य येतं. तत्त्वार्थसूत्रात ज्या दहा जणांची सेवा सांगितली आहे, त्यात आचार्य, उपाध्याय, तपस्वी यांच्याबरोबर 'ग्लान' आहे. ग्लान म्हणजे आजारी. मुळात हे मुनिसंघातल्या सेवेबद्दल आहे हे खरं; पण आजाऱ्याची सेवा हे तप मानायचं आणि तेच काम पगार घेऊन करणारीला कमी लेखायचं, हा हिशोब मला कधी जुळला नाही.

हिशोबावरून आठवलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई दिसते. मला ती आवडते ती तिच्या वहीमुळे. १८५४ साली ती क्रिमियाच्या युद्धात तुर्कस्तानातल्या लष्करी इस्पितळात गेली. जखमांपेक्षा रोगराईनं जास्त सैनिक मरतात हे तिनं पुढे आकडे मांडून, रंगीत तक्ते काढून सरकारला दाखवलं. हिंदुस्थानात ती कधीच आली नाही. पण इथल्या छावण्यांतून माहिती मागवून तिनं इथल्या पाण्याबद्दल, गटारांबद्दल लिहिलं. तिचं म्हणणं साधं होतं : बरं करतो तो निसर्ग, नर्सनं मोकळी हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, योग्य आहार देऊन त्याला वाट करून द्यायची. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात आजही हा पहिला सिद्धांत म्हणून शिकवतात.

आपल्या मुलखात हे काम घराघरांतल्या बायकांपर्यंत नेलं रमाबाई रानड्यांनी. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झालं आणि तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. त्यांत विधवाही होत्या. लोकांना ते रुचलं नाही. एका समारंभात केशवपन केलेली एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला उठली, तेव्हा गॅलरीतल्या कॉलेजच्या पोरांनी तिची हुर्यो केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाईंनी त्या पोरांना तिथंच खडसावलं. शिकलेली पोरं होती, हे मला जास्त टोचतं. त्याच्या आधी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करताच गेल्या.

आता घरातलं. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा पावसाळा होता. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे; भिंतींना ओल, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. वारा लागेल म्हणून मी खिडक्या बंद ठेवल्या. त्यांना भरवायची, वेणी घालायची, सगळं मीच करायची. मला वाटायचं, यापेक्षा चांगली सून कोणती! पंधरवड्यात पाठीला जखम झाली. मलमपट्टीला येणाऱ्या नर्सबाईंनी आल्या आल्या खिडकी उघडली. दर दोन तासांनी कूस बदलायची, असं सांगून कागदावर वेळा लिहून दिल्या. मग फणी सासूबाईंच्या चांगल्या हातात दिली. मी म्हटलं, "अहो, मी करते ना." त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही करताय म्हणूनच त्या करत नाहीत."

मला तेव्हा राग आला होता. व्हर्जिनिया हेंडरसन नावाच्या अमेरिकन नर्सनं हेच सिद्धांत म्हणून मांडलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. रुग्णाला ताकद, इच्छा किंवा माहिती असती तर जे त्यानं स्वतः केलं असतं, तेवढंच नर्सनं करायचं, आणि तेही तो लवकरात लवकर आपल्या पायावर उभा राहील अशा बेतानं. तिनं गरजांची चौदा कलमं सांगितली आहेत. श्वास, खाणं, झोप यांच्याबरोबर आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करता येणं हेही त्यात आहे. सासूबाईंची जपमाळ मी पडेल म्हणून देव्हाऱ्यात ठेवून दिली होती. ती नर्सबाईंनीच मागून घेतली. पडायची, आम्ही उचलून द्यायचो. दिवाळीपर्यंत एक माळ पुरी व्हायला लागली.

आज इस्पितळात यंत्रं पुष्कळ आहेत. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी पडद्यावर सगळे आकडे दिसत होते. पण रात्री तीन वाजता मला भीती वाटतेय हे ओळखलं ते पाळीवरच्या मुलीनं. खुर्ची ओढून दोन मिनिटं बसली. तिच्याकडे अख्खा वॉर्ड होता.

रात्रिभोजनाचं मी पुतणीला सांगितलं, रात्रपाळीला निघण्याआधी पोरगी घरी जेवून जाईल, आणि दिवसपाळी लांबली तर साडेपाचला डबा उघडेल. पुतणी अजून विचार करते आहे. फॉर्म भरायला मात्र गुरुवारी मी पोरीबरोबर जाणार आहे.