रिकामी आकाशगंगा

१ ऑगस्ट १९४१. एकवीस वर्षांचा एक तरुण न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने मासिकाच्या संपादकाला भेटायला निघाला होता. नवी कथा सुचवायची होती, पण डोक्यात एकही कल्पना नव्हती. हातातले संगीतिकांचे पुस्तक त्याने सहज उघडले, तर समोर पहारेकऱ्याचे चित्र आले. पहारेकऱ्यावरून सैन्य, सैन्यावरून रोमचे साम्राज्य, आणि रोमवरून आकाशगंगेचे साम्राज्य! हा तरुण म्हणजे आयझॅक आसिमॉव्ह, कोलंबिया विद्यापीठातला रसायनशास्त्राचा विद्यार्थी. संपादक होते जॉन कॅम्पबेल. पहिली कथा मे १९४२ मध्ये छापून आली. पुढे १९५१ ते १९५३ या काळात 'फाउंडेशन' मालिकेची तीन पुस्तके झाली.

या काल्पनिक इतिहासात माणूस एका ग्रहावरून निघून अडीच कोटी ग्रहांवर पसरला आहे. मूळ ग्रह कोणता, हेही तो विसरला आहे. साम्राज्याला बारा हजार वर्षे झाली असून ते आता कोसळणार आहे. त्यानंतरचे तीस हजार वर्षांचे अंधारयुग हजार वर्षांवर आणण्यासाठी हॅरी सेल्डन हा गणिती दूरच्या एका टोकाला ज्ञानकोशकारांची वसाहत वसवतो. गिबनचा रोमच्या ऱ्हासाचा इतिहास आसिमॉव्हने वाचलेला होता, आणि ते लपवण्याचा प्रयत्नही त्याने केला नाही. रोमला इजिप्तचे धान्य लागे; ट्रँटर या राजधानीला वीस शेतकी ग्रहांचे लागते. सेल्डनचे गणित मात्र गिबनचे नाही, ते रसायनशास्त्राच्या वर्गातले आहे. वायूचा एखादा रेणू कुठे जाईल हे सांगता येत नाही, पण सगळ्या वायूचा दाब सांगता येतो. तसेच माणसांच्या प्रचंड समूहाचे.

ट्रँटरचे गणित वर्गात जरूर करून पाहावे. जमीन साडेसात कोटी चौरस मैल, सगळी मिळून एकच शहर, आणि लोकसंख्या चाळीस अब्जांहून बरीच अधिक. चाळीस अब्जच धरली तर चौरस किलोमीटरला सुमारे २०६ माणसे होतात. २०११ च्या जनगणनेत शेते आणि डोंगर धरूनही महाराष्ट्राची घनता ३६५ होती, आणि मुंबईची वीस हजारांच्या घरात! विद्यार्थ्यांना हसू येते. पण छापील आकडा स्वतः भागून पाहण्याची सवय लागते, हे काय कमी आहे?

आमच्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. अडीच कोटी ग्रहांवर माणसे गेली, तेव्हा तिथे आधी कोणीच नव्हते का? नव्हते, आणि याचे कारण खगोलशास्त्रात नाही. परग्रहवासी आणि माणूस समोरासमोर आले की माणूसच श्रेष्ठ ठरावा, असा कॅम्पबेलचा आग्रह असे. ते दिवस हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाचे होते आणि आसिमॉव्ह ज्यू होता. त्याला हे पटेना. संपादकाशी वाद घालण्यापेक्षा त्याने आकाशगंगेतून परग्रहवासीच काढून टाकले.

हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे वसाहतींचा असा इतिहास तयार झाला, ज्यात जमीन कोणाकडूनच घेतलेली नाही. पृथ्वीवर असे क्वचितच घडले. ब्रिटिशांनी १७८८ मध्ये ऑस्ट्रेलियात वसाहत केली, तेव्हा तिथे हजारो वर्षे राहणारी माणसे होती. तरीही कायद्याने ती भूमी कोणाचीच नाही असे धरले, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक १९९२ मध्ये नाकारले.

आसिमॉव्हला हे अगदीच सुचले नव्हते असे नाही. याच साम्राज्यातली त्याची एक कमी वाचली जाणारी कथा १९४५ मध्ये आली. तिच्यात माणसांना एक परकी जमात सापडते. तिला एका सोयीस्कर ग्रहावर हलवून सरकारी देखरेखीत सुखाने ठेवतात. त्यांना काहीच कमी पडत नाही, पण त्यांना मुले होईनाशी होतात. शेवटी एक कारकुनी वृत्तीचा अधिकारी सरकारी कागदांच्या घोळाचाच उपयोग करून त्यांना जहाजे मिळवून देतो, आणि ती जमात आकाशगंगा सोडून मॅजेलनच्या मेघांकडे निघून जाते.