हँडल, मॅग्नेटो आणि बॅटरी

मोटारीचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा वेगाचा इतिहास सांगतात. शर्यती, विक्रम आणि अश्वशक्तीचीं कोष्टकें यांनीं त्यांचीं पानेंच्या पानें भरलेलीं असतात. परंतु जी गाडी जागची हललीच नाहीं, तिच्या वेगाचें कौतुक कोणास? आज मी आपणांपुढें मांडणार आहें तो इतिहास अवघ्या पहिल्या दोन-तीन सेकंदांचा आहे. निश्चल एंजिन प्रथम फिरूं लागतें तें कोणाच्या बळावर, आणि हौसेनें जतन केलेली जुनी स्पोर्ट्स गाडी ऐन वेळीं मौन धरून कां बसते, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्या इतिहासांत आहेत. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्याचाहि त्यांत मोठा भाग आहे.

वाफेच्या एंजिनाची गोष्ट निराळी. त्याच्या बाष्पकांत दाब तयार असतो. झडप उघडली कीं दट्ट्या हालतो. पेट्रोलचें एंजिन मात्र कुंभकर्णाच्या जातीचें. प्रथम त्याला बाहेरून कोणीतरी फिरवावें, त्यानें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत ओढून दाबावें, नेमक्या क्षणीं ठिणगी पडावी, आणि मगच तें स्वतःच्या बळावर चालूं लागावें. म्हणजे गरजा दोन: एक फेरा आणि एक ठिणगी. १८८६ सालच्या कार्ल बेंझच्या तीनचाकी गाडींत फेरा हातानें मोठें चाक फिरवून देत, आणि ठिणगी विद्युत्घट व कॉइल यांजकडून मिळे. शिशाच्या पत्र्यांचा, पुन्हां पुन्हां भरतां येणारा घट प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालींच सिद्ध केला होता. परंतु चालत्या गाडीवर घट भरून घेण्याची सोय त्या काळीं नव्हती. घट संपला कीं ठिणगी संपली. या परावलंबनांतून सुटका केली ती मॅग्नेटोनें. जर्मनींतील बॉश यांच्या कारखान्यांत होनोल्ड या एंजिनियरानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. लोहचुंबक आणि तारेचें वेटोळें यांच्या योगानें तो एंजिनाच्या फिरण्यांतूनच ठिणगी काढी. पुढें कित्येक वर्षें गाडीवर बॅटरी नसली तरी चालत असे. दिवे तेलाचे किंवा कार्बाइडच्या वायूचे, ठिणगी मॅग्नेटोची, आणि फेरा माणसाच्या दंडांतला.

हा फेरा मात्र महाग पडे. आपल्याकडे त्याला ‘हँडल मारणें’ म्हणत, आणि तो शब्द अगदीं यथार्थ होता; कारण हँडलहि उलट मारी. ठिणगी वेळेपूर्वीं पडली तर एंजिन उलटें झटका देई आणि मनगट मोडे. बाहेरच्या हाडाचें टोंक मोडण्याच्या या दुखापतीला इंग्रजी वैद्यकांत शोफरचेंच नांव मिळालें आहे, तें आजहि टिकून आहे. म्हणून जाणते ड्रायव्हर शिकाऊ मुलाला प्रथम आंगठ्याची शिस्त शिकवीत: आंगठा मुठीबाहेर न वळवितां बोटांच्याच बाजूस ठेवावयाचा, हँडल खालून वर ओढावयाचें, वरून खालीं दाबावयाचें नाहीं, आणि त्यापूर्वीं ठिणगीचा खटका मागें घ्यावयाचा.

आपल्या मराठवाड्यावर तेव्हां निझामाचें राज्य होतें. सहावे निझाम महबूब अली खान यांनीं मागविलेली पिवळी रोल्स-रॉइस आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यांत पाहावयास मिळते. सिंहासनासारखें उंच आसन असलेली ही गाडी येण्यापूर्वींच, १९११ सालीं, ते निवर्तले. पुढें तीहि फारशी चाललीच नाहीं. तिच्या नांवावर जेमतेम साडेतीनशें मैल जमा आहेत. त्या जातीच्या गाड्यांना विजेचा स्टार्टर १९१९ पासून मिळूं लागला, तेव्हां या राजवाहनालाहि हँडलाचीच चाकरी होती. गालिचे, मखमल, चांदी हें सर्व आंत. बाहेर उन्हांत घाम गाळीत उभा असलेला कोणी नोकर. इतिहासग्रंथांत त्याला जागा नाहीं, म्हणून त्याची येथें आठवण.

तो नोकर अनावश्यक करण्याचें श्रेय अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग यांजकडे जातें. विजेच्या मोटरीनें एंजिन फिरवावयाचें तर ती एंजिनाएवढीच अवाढव्य हवी, अशी तज्ज्ञांची समजूत होती. केटरिंग यांनीं पूर्वीं दुकानांतील रोकड-यंत्राला मोटर बसविली होती. गल्ल्याचा खण उघडण्यापुरती ती क्षणभर फिरे. क्षणभरच काम असलें तर लहानशा मोटरीवरहि मोठा भार टाकतां येतो, हें त्यांना तेथें उमगलें होतें. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत हा स्टार्टर बसला. ज्यांच्या दंडांत हँडलाचें बळ नव्हतें अशा स्त्रिया, वृद्ध व कृश माणसें यांना मोटारीचें दार उघडलें तें या युक्तीनें. आपल्याकडील मिस्त्रींच्या तोंडीं त्याला ‘सेल्फ’ असें सुटसुटीत नांव पडलें.

पण या सुखाची किंमत काय? गाडीवर आतां डायनॅमो आला, बॅटरी आली, आणि बॅटरी आहेच म्हटल्यावर ठिणगीहि तिच्याकडूनच कां घेऊं नये, असा हिशेब कारखानदारांनीं केला. बॅटरी व कॉइल यांची ठिणगी केटरिंग यांनींच सेल्फाच्याहि आधीं सुधारली होती. मॅग्नेटोहून ती स्वस्त पडली. नित्याच्या गाड्यांतून मॅग्नेटो हळूहळू गेला, आणि ज्या दोन गरजा पूर्वीं दोन निराळ्या आश्रयांवर उभ्या होत्या, त्या एकाच पेटींत येऊन बसल्या. पेटी अशक्त झाली कीं दोन्ही एकदम बुडतात. एवढेंच नव्हे, तर सेल्फ इतका प्रवाह ओढतो कीं त्या वेळीं बॅटरीचा दाब खालीं बसतो आणि कॉइलला पुरेसा उरत नाहीं. एंजिन रडतखडत फिरतें, पण ठिणगी पडत नाहीं. तीच बॅटरी हँडलाच्या फेऱ्याला मात्र ठिणगी पुरवूं शकते. १९४५ सालीं निघालेल्या एम.जी. टी.सी. या इंग्रजी स्पोर्ट्स गाडीला सेल्फ असूनहि पुढें हँडलाचें भोंक ठेवलें होतें, तें या व्यवहारी शहाणपणामुळेंच.

निझाम सरकारच्या रेल्वेनें १९३२ च्या जूनमध्यें सत्तावीस गाड्यांनिशीं बसची वाहतूक सुरू केली. नांदेडला त्यापूर्वींच गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली होती आणि लातूरला १९११ पासून बार्शीची छोटी गाडी येत होती. आगगाडी जेथवर पोंचली नाहीं तेथील अंतर मोटारीनें तोडावयाचें होतें. अशा मुलखांत, लोहा-अहमदपूरच्या वाटेवर, गाडी बंद पडणें म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको.

इंग्रजी पुस्तकांत बॅटरीचा शत्रु म्हणून थंडीचें नांव असतें. तेथें तें खरेंहि आहे. आमच्याकडे मात्र घाव मे महिन्यांत पडतो आणि रोगी डिसेंबरांत आडवा होतो. पडून असलेली बॅटरी आपोआप रिकामी होत असते, आणि तपमान दहा अंशांनीं वाढलें कीं ही गति दुप्पट होते असा स्थूल नियम आहे. म्हणजे विलायतेंतील वीस अंशांच्या कोठींत जी बॅटरी चार महिने टिकेल, ती नांदेडच्या चाळीस अंशांच्या पत्र्याखालीं एका महिन्यांत त्याच अवस्थेस येईल. रिकाम्या स्थितींत राहिलेल्या पत्र्यांवर शिशाच्या गंधकिताचे कठीण स्फटिक जमतात, ते पुढें सहसा विरघळत नाहींत. उष्णतेनें पाणीहि उडतें. उडतें तें केवळ पाणी. म्हणून वर घालावयाचें तेंहि शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच, आम्ल नव्हे आणि विहिरीचें पाणी तर मुळींच नव्हे. काळ्या पाषाणांतून झिरपलेल्या आमच्या पाण्यांतील क्षार पिण्यास चालतात, शिशाला चालत नाहींत. डिसेंबरांतील एखाद्या पहांटे तेल जड होतें, सेल्फाला अधिक जोर लागतो, आणि उन्हाळ्यांत झालेली हानि तेव्हां उघडकीस येते. मालक बिचारा थंडीला दोष देतो!

तथापि प्रत्येक वेळीं बॅटरीच अपराधी असते असें नाहीं. सेल्फ दीडशें अँपियर ओढीत असतांना वाटेंतील एखाद्या गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ एक-पन्नासांश ओहम असला, तरी तेथेंच तीन व्होल्ट खर्ची पडतात, आणि बाराच्या जागीं सेल्फाला नऊहि मिळत नाहींत. तोच सांधा लहान दिव्याला मुळींच जाणवत नाहीं. म्हणून ‘दिवा तर लागतो’ हा पुरावा अपुरा. मोठे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे मंद होत गेले तर बॅटरी दुबळी आहे किंवा सेल्फ अडकला आहे. एकदम विझले तर बॅटरीच्या टोंकांशीं सांधा सुटला आहे. तसेच तेजस्वी राहिले तर प्रवाह सेल्फापर्यंत पोंचतच नाहीं, आणि खटका तपासला पाहिजे. व्होल्टमापक जवळ असेल तर तो सांध्याच्या दोन्ही बाजूंस लावून सेल्फ मारावा. जेथें कांटा हलेल तेथें चोर.

जुन्या स्पोर्ट्स गाडींत या चोराच्या जागा ठरलेल्या आहेत. १९५५ सालच्या एम.जी.ए. गाडींत बारा व्होल्टांची एक बॅटरी नसून सहा-सहांच्या दोन, आसनांमागें, जोडतारेनें बांधलेल्या असतात. म्हणजे सांधे दोन अधिक, आणि एक पेटी नवी व एक जुनी घातली तर नवीहि लौकर खचते. एंजिन रबरावर बसलेलें असल्यामुळें त्याचा अर्थिंगचा पट्टा सांगाड्याला निराळा जोडावा लागतो. हौशी मालक गाडीला नवा रंग देतात आणि तो पट्टा रंगावरच आवळतात! मग प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेंतून वाट काढतो, आणि सेल्फ मारतांच ती तार तापते. हातास चटका बसला तर निदान झालें.

आणखी एक गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी. या इंग्रजी गाड्यांत सांगाड्याला बॅटरीचें धन टोंक जोडलेलें असतें, आजच्याप्रमाणें ऋण नव्हे. संवयीनें उलट जोडल्यास नुकसान होतें. शेवटीं, सेल्फाचा लहान दांतेरी चक्र मोठ्या चाकांत अडकून बसला असेल तर बॅटरी कितीहि भरली तरी उपयोग नाहीं. चावी बंद करून गाडी वरच्या गिअरांत टाकावी आणि पुढें-मागें हलवावी. सुटल्याचा खट् असा आवाज येतो. तसेंहि न सुटल्यास सेल्फाच्या दांड्याचें चौकोनी टोंक पान्यानें फिरवावें.