सारंगीपासून मिक्सरपर्यंत

बालगंधर्वांच्या बालपणाचा कांहीं काळ जळगांवांत गेला व गायनाचे आरंभींचे धडे त्यांनीं तेथेंच मेहबूबखाँ यांजपाशीं घेतले. पुढें १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या पहिल्या काळांत त्यांचा स्वर ध्वनिवर्धकावांचूनच श्रोत्यांपर्यंत पोंचे. त्याचें श्रेय गळ्याइतकेंच साथीसही होतें. कादरबक्षांची सारंगी व थिरकवाँचा तबला यांनीं केव्हां भरून यावें, केव्हां ओसरावें, हें कानच ठरवी.

आज जळगांवांत बालगंधर्वांच्या नांवाचें खुलें नाट्यगृह आहे. उघड्यावर स्वरास छताभिंतींचा आधार नाहीं; म्हणून तेथें ध्वनिवर्धक लागतो. मायक्रोफोनचा स्वर तीन पिनांच्या केबलींतून जातो. तिच्यांतील दोन तारा तोच संदेश परस्परविरुद्ध रूपांत नेतात. वाटेंत शिरलेली घरघर मात्र दोहोंत सारखीच असते, म्हणून अखेरच्या वजाबाकींत ती गळून पडते. डिजिटल मिक्सर त्या संदेशाचे सेकंदास बहुधा ४८,००० नमुने घेतो व दुपारीं केलेली जुळणी रात्रीपर्यंत जशीच्या तशी स्मरणांत ठेवतो. परंतु दुपारीं खुर्च्या रिकाम्या असतात. रात्रीं त्या भरतात, व गायकाचा गळाही तापलेला असतो. हा फरक यंत्राच्या स्मरणांत नसतो. तो मिक्सरवर बसलेल्या मनुष्याच्या कानास कळावा लागतो.

म्हणजे साथीदारांच्या जुन्या कामाचा मोठा वाटा आतां त्याजकडे आला आहे. आमच्या संगीताच्या इतिहासांत सारंगियांचीं नांवें आहेत. याचें नांव निमंत्रणपत्रिकेवरही क्वचितच आढळतें. आमच्या मतें त्याची गणना साथीदारांतच झाली पाहिजे.